पाथरीचे सूर्यपंडित आणि पंधराचं यंत्र

प्रश्न : युरोपातल्या प्रबोधनकाळात म्हणे असे विद्वान होऊन गेले, जे सकाळी गणित करायचे आणि संध्याकाळी कुंडल्या, ताईत, किमया यांत रमायचे. त्याच काळात आपल्या मराठवाड्यात असा कोणी होता का? की आपल्याकडे तेव्हा नुसत्या लढायाच चालल्या होत्या?
– एक वाचक, औसा (जि. लातूर)

उत्तर : लढाया चालल्या होत्याच. औशाच्या किल्ल्याखाली राहणाऱ्याला ते वेगळं सांगायला नको. पण त्या धामधुमीतही माणसं आकडेमोड करत होती आणि पोथ्या लिहीत होती. तुम्ही विचारता तसा एक माणूस आपल्या शेजारीच होऊन गेला. नांदेडकर ज्या गोदावरीला गंगा म्हणतात, तिच्याच वरच्या अंगाला, आजच्या परभणी जिल्ह्यातल्या पाथरीत. संस्कृत ग्रंथांत या गावाचं नाव पार्थपूर असं येतं; पार्थपूर म्हणजे पाथरी, असं अभ्यासक मानतात. त्या माणसाचं नाव सूर्यदास ऊर्फ सूर्यपंडित.

त्यांच्या जन्माचा दाखला त्यांनीच ठेवला आहे. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’वर ‘सूर्यप्रकाश’ नावाची टीका त्यांनी शके १४६० मध्ये, म्हणजे इ. स. १५३८ साली लिहिली आणि तेव्हा आपलं वय एकतीस होतं असं नोंदवलं. म्हणजे जन्म १५०७-०८ चा. तीन वर्षांनी, १५४१ मध्ये, त्यांनी ‘लीलावती’वर ‘गणितामृतकूपिका’ लिहिली. आणखी दोन वर्षांनी तिकडे कोपर्निकसचा ग्रंथ छापून आला. काळ नेमका तोच आहे, हे ध्यानात यावं म्हणून सांगितलं.

युरोपातला त्यांच्या जोडीचा माणूस कोण? पॅरासेल्सस किंवा अग्रिप्पा ही नावं चटकन तोंडावर येतात, पण मला जिरोलामो कार्दानो जास्त जवळचा वाटतो. जन्म १५०१ चा, म्हणजे सूर्यपंडितांपेक्षा सहा-सात वर्षांनी थोरला. पेशाने वैद्य, डोकं गणिताचं, आणि नाद फलज्योतिषाचा. १५४५ मध्ये त्याने बीजगणितावर ‘आर्स मॅग्ना’ हा ग्रंथ छापला. त्रिघाती समीकरणं सोडवण्याची रीत त्यात पहिल्यांदा लोकांपुढे आली. फाशांच्या खेळात कुठलं दान किती वेळा पडेल याचं गणितही त्याने मांडलं. स्वतः जुगारी होता, तेव्हा गरज रोजचीच. हाच माणूस इंग्लंडच्या सहाव्या एडवर्डची कुंडली मांडतो, राजा पन्नाशी ओलांडेल असं सांगतो, आणि राजा १५५३ मध्ये पंधराव्या वर्षीच जातो. कार्दानोने तरीही ती कुंडली छापली, आणि आपलं कुठे बिनसलं याचं लांबलचक स्पष्टीकरण खाली जोडलं. असे ज्योतिषी आजही भेटतात.

आता पाथरीकडे येऊ. सूर्यपंडितांचं घराणं जोशांचं. त्यांचा मूळपुरुष देवगिरीच्या रामदेवराव यादवांच्या आश्रयाला होता, असं घराण्याच्या वंशावळीत सांगतात. वडील ज्ञानराज. त्यांनी १५०३ च्या सुमारास ‘सिद्धान्तसुंदर’ लिहिला. भास्कराचार्यांचा ‘सिद्धान्तशिरोमणी’ ११५० चा. त्यानंतर साडेतीनशे वर्षांत कोणी एवढा मोठा नवा सिद्धान्तग्रंथ लिहायला धजलं नव्हतं. गोदाकाठच्या या जोशांनी ते केलं, आणि वर भास्कराचार्यांशी वाद घातला.

वादाचा विषय असा. पृथ्वी आकाशात कशावर टेकली आहे? भास्कराचार्यांचं म्हणणं, कशावरच नाही. आधार मानला तर त्या आधाराला आणखी आधार लागेल, त्याला आणखी एक, आणि हे संपायचं नाही. शेवटी कोणीतरी स्वतःच्या बळावर उभं आहे असं मानावंच लागणार, तर ते पृथ्वीलाच का मानू नये? आजही वाचताना मान डोलावी असा युक्तिवाद. ज्ञानराजांना तो पटला नाही. पुराणातल्या शेष, कूर्म, वराह यांचं काय करायचं, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांचं उत्तर मोठं गमतीचं आहे. गिधाडासारखा जेमतेम ताकदीचा पक्षी चोचीत साप धरून प्रहरभर आकाशात राहू शकतो, तर अचाट सामर्थ्याच्या कूर्माने पृथ्वी कल्पभर धरून ठेवली, यात अशक्य ते काय? मराठवाड्याच्या उन्हात वर घिरट्या घालणारं गिधाड ज्याने पाहिलं आहे, त्यालाच हा दाखला सुचावा.

ही गोष्ट मी मुद्दाम विस्ताराने सांगतो, कारण तुमच्या प्रश्नात एक गृहीतक दडलेलं आहे. एका बाजूला विज्ञान, दुसऱ्या बाजूला जादू आणि मधे भिंत, असं आपण धरून चालतो. ज्ञानराज आणि सूर्यपंडित यांच्या डोक्यातही भिंत होती, पण ती तिथे नव्हती. ग्रहणाचं गणित आणि ग्रहणाचं फळ या त्यांना एकाच शास्त्राच्या दोन शाखा वाटत. त्यांची खरी ओढाताण होती ती पुराण आणि सिद्धान्त यांच्यात. पुराणातली पृथ्वी सपाट आणि मधे मेरू. सिद्धान्तातली पृथ्वी गोल. दोन्ही ग्रंथ पूज्य. मग मेळ कसा बसवायचा? ज्ञानराजांची सारी बुद्धी त्यात पणाला लागली. ग्रहणाची वेळ काढताना मात्र ते गोल पृथ्वीच धरतात. तिथे कूर्माचा उपयोग नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं.

मुलाची ओढ आणखी निराळी. सूर्यपंडितांनी किती विषयांत हात घातला ते पाहा : बीजगणित, पाटीगणित, जातक, गीतेवर ‘परमार्थप्रपा’ ही टीका, नृसिंहावर चंपूकाव्य. ‘ताजिकालंकार’ नावाचा ग्रंथही त्यांच्या नावावर आहे, आणि तुमच्या प्रश्नाला सर्वांत जवळचा तोच. ताजिक म्हणजे अरबी-फारशी वाटेने आलेलं वर्षफलाचं ज्योतिष. आज लातूरच्या गंजगोलाईच्या आसपास एखादा ज्योतिषी वाढदिवसाला वर्षकुंडली काढून मुंथा नावाचा बिंदू कुठल्या स्थानी आहे ते सांगतो, ती हीच विद्या. त्यातल्या योगांची नावं ऐका : इक्कबाल, इत्थशाल, कंबूल, रद्द. सोवळ्यातल्या शास्त्रीबुवांनी ती संस्कृत श्लोकांत बसवली आणि कोणी विटाळ मानला नाही. शिवाय ‘सिद्धान्तसंहितासारसमुच्चय’ या त्यांच्या ग्रंथात यवनांचं ज्योतिष काय म्हणतं यावर स्वतंत्र प्रकरणच आहे. ही हवा मराठवाड्यात बरीच आधीपासून होती. फिरोजशहा बहमनीने १४०७ मध्ये दौलताबादजवळ बालाघाटात वेधशाळा उभारायला घेतली होती. हकीम हसन गिलानी हा तिचा जाणकार वारला आणि काम अर्धवट राहिलं, असं इतिहासकार फरिश्ता लिहितो.

कार्दानो आणि सूर्यपंडित यांच्या वाटा कुठे वेगळ्या होतात, ते एका उदाहरणावरून दिसेल. दहाचे असे दोन भाग करा की त्यांचा गुणाकार ४० येईल. करून पाहा. पाच आणि पाच घेतले तरी गुणाकार पंचवीसच होतो, त्याच्या पुढे जातच नाही. रीतीने सोडवायला गेलं तर उणे पंधराचं वर्गमूळ काढावं लागतं. भास्कराचार्यांनी अशा ठिकाणी साफ सांगून टाकलं आहे की ऋण संख्येला वर्गमूळ नाही, कारण ती कशाचा वर्गच नव्हे. सूर्यपंडित हे टीकाकार; मूळ ग्रंथाचा आशय उलगडून दाखवणं हे त्यांचं काम, आणि ते त्यांनी नेटकं केलं. कार्दानोपुढे हेच गणित आलं तेव्हा त्याने मनाची तडफड बाजूला ठेवली आणि नसलेलं वर्गमूळ आहे असं धरून गुणाकार केला. पाच अधिक ते मूळ, पाच उणे ते मूळ : पंचवीस अधिक पंधरा, बरोबर चाळीस! मग तोच म्हणाला की हे जितकं सूक्ष्म तितकंच निरुपयोगी आहे. पुढे त्याच निरुपयोगी संख्यांवर विजेच्या प्रवाहाचं गणित उभं राहिलं.

मला राहून राहून वाटतं, दिसत नाही ते खरं मानून चालण्याची सवय कार्दानोला ज्योतिष-जादूच्या नादानेच लागली असावी. शास्त्रशुद्ध माणूस त्या दारात थांबतो.

मग सूर्यपंडितांकडे धाडस नव्हतं का? होतं, पण त्यांनी ते भलत्याच ठिकाणी खर्चलं. त्यांचं ‘रामकृष्णविलोमकाव्य’ हे छोटेखानी काव्य आहे. श्लोकाचा पहिला अर्धा भाग वाचा, रामाची गोष्ट निघते. तीच अक्षरं शेवटाकडून सुरुवातीकडे वाचा, दुसरा अर्धा भाग तयार होतो आणि त्यात कृष्णाची गोष्ट असते. रामकथा एका दिशेने, कृष्णकथा उलट्या दिशेने, असं काव्यभर. ‘राधा’ उलटं वाचलं की ‘धारा’ होतं, एवढं शाळेतल्या पोरालाही जमतं. पण तिथे पुरी ओळ उलटवायची, छंद मोडायचा नाही, आणि अर्थही निघायला हवा. विसर्ग ओळीच्या टोकाला आला की उलट वाचताना तो सुरुवातीला येणार, म्हणून तो चालत नाही. जोडाक्षरांनी तर पावलोपावली अडचण. शब्दकोशातले एकाक्षरी, कोणी न वापरलेले शब्द खणून काढावे लागतात. म्हणूनच कवीने स्वतः टीका लिहून ठेवली. तिच्याशिवाय निम्मे श्लोक पंडितालाही लागायचे नाहीत. या धर्तीचं दोन कथांचं संपूर्ण काव्य त्यांच्याआधी कोणी केल्याचं अभ्यासकांना आढळत नाही. काव्य म्हणून ते ओढून-ताणून आणलेलं आहे, हे मी स्पष्टच म्हणेन. पण कोडं म्हणून पाहिलं तर त्याला तोड नाही. बीजगणितात अज्ञात राशी दोन्ही बाजूंनी चेपत आणणारं डोकं इथे अक्षरांशी तोच खेळ खेळतं.

प्रश्न : युरोपात चर्चने अशा लोकांना छळलं. आपल्याकडच्या पंडितांना सुलतानांचा जाच झाला का? आणि मग ही परंपरा पुढे कुठे गेली?
– एक वाचक, वजिराबाद, नांदेड

उत्तर : कार्दानोला १५७० मध्ये धर्मन्यायालयाने कैदेत टाकलं. येशू ख्रिस्ताची कुंडली मांडणं हे त्याच्या खात्यावरचं एक पाप होतं. काही महिन्यांनी सुटला, पण शिकवायला आणि छापायला बंदी झाली. जोर्दानो ब्रूनोला १६०० मध्ये रोममध्ये जाळलं. तसलं धर्मन्यायालय भारतात पोर्तुगीजांनी १५६० मध्ये गोव्यात आणलं; गोदाकाठाला त्याची झळ लागली नाही.

सूर्यपंडितांच्या लहानपणी पाथरीवर संकट आलं ते वेगळंच. वऱ्हाडचा इमादशहा आणि अहमदनगरचा निजामशहा यांच्यात पाथरीवरून झगडा होता. फरिश्ता याचं कारण देतो : निजामशाही घराण्याचे पूर्वज मुळात पाथरीचे ब्राह्मण कुलकर्णी. म्हणून बुऱ्हाण निजामशहाला ते गाव हवंच होतं, आणि १५१८ मध्ये त्याने ते घेतलं. सूर्यपंडित तेव्हा दहा-अकरा वर्षांचे असतील. पुढे त्यांनी यवनांच्या ज्योतिषावर लिहिलं ते याच राजवटीच्या छायेत. जाचाची खूण त्यांच्या ग्रंथांत तरी ठळक दिसत नाही.

त्यांचं खरं नुकसान छापखान्याने केलं, म्हणजे छापखाना नसण्याने. कार्दानोचं पुस्तक न्यूरेंबर्गला छापलं की युरोपभर भांडणं सुरू व्हायची. पाथरीची पोथी कोणी हाताने उतरून घेईल तेव्हा दुसऱ्या गावी पोचायची. गोव्यात छापखाना १५५६ मध्ये आला, पण तो पाद्र्यांचा. ‘सूर्यप्रकाश’ युरोपच्या नजरेला आला तो १८१७ मध्ये. इंग्रज संस्कृतज्ञ कोलब्रुकने भास्कराचार्यांचं गणित इंग्रजीत नेलं तेव्हा त्याने सूर्यपंडितांची टीका हाताशी ठेवली होती आणि त्यांचं गाव गोदा व विदर्भा या नद्यांच्या संगमाजवळ असल्याचं नोंदवलं. मराठीत या साऱ्या जोशांची खबरबात घ्यायची तर शंकर बाळकृष्ण दीक्षितांचं १८९६ चं ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ वाचा. इतकी वर्षं झाली तरी त्याच्या तोडीचं दुसरं पुस्तक आपल्याकडे नाही.

परंपरा पुढे काशीला गेली. गोदेच्याच उत्तर काठावर गोलग्राम नावाचं गाव होतं. तिथले दिवाकर हे ‘ग्रहलाघव’कर्त्या गणेश दैवज्ञांचे शिष्य. दिवाकरांची मुलं-नातवंडं काशीत जाऊन बसली. त्याच घराण्यातल्या कमलाकरांनी १६५८ मध्ये ‘सिद्धान्ततत्त्वविवेक’ लिहिला, समरकंदच्या उलुग बेगच्या ज्योतिषातलं बरंच काही त्यात घेतलं, आणि ध्रुवतारा अगदी स्थिर नाही हेही नोंदवलं. त्यांचे प्रतिस्पर्धी मुनीश्वर. मुनीश्वरांचं घराणं वऱ्हाडाकडून आलेलं. म्हणजे गोदावरी आणि वऱ्हाड यांचं भांडण काशीच्या घाटावर पोचलं, एवढाच काय तो फरक.

प्रश्न : आमच्या देवघरात तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं सूर्ययंत्र आहे. नऊ घरं, आणि आडवी, उभी, तिरकी कशीही बेरीज केली तरी १५. माझी नात विचारते, आजोबा, ही जादू की गणित? काय सांगू?
– एक वाचक, उदगीर

उत्तर : तुमच्या पत्र्यावर बहुधा असं असेल :

६ १ ८
७ ५ ३
२ ९ ४

नातीला कागद-पेन्सिल द्या. एक ते नऊची बेरीज ४५. ओळी तीन, म्हणून प्रत्येकीला १५. आता मधल्या घरातून जाणाऱ्या रेषा मोजायला सांगा : एक आडवी, एक उभी, दोन तिरक्या. चार रेषा, चार पंधरे साठ. या साठात सगळे आकडे एकदा आले आणि मधला तीनदा जास्तीचा मोजला गेला. साठातून ४५ गेले, उरले १५. त्याचे तीन भाग केले की पाच. मध्ये पाचच हवा, दुसरा चालणारच नाही. ९ कोपऱ्यात का बसत नाही, तर कोपऱ्यातून तीन रेषा जातात आणि ९ ला पंधरापर्यंत नेणाऱ्या जोड्या दोनच आहेत : १ व ५, २ व ४. असं करत गेलं की कळतं, असा चौकोन मुळात एकच आहे. बाकी सगळी त्याची फिरवलेली किंवा आरशात पाहिलेली रूपं.

म्हणूनच तो साऱ्या जगात सापडतो. अग्रिप्पाने १५३३ मध्ये छापलेल्या गुप्तविद्येच्या ग्रंथात हाच चौकोन आहे. तुमचा पत्रा उलटा धरा, म्हणजे डोकं खाली पाय वर, तंतोतंत त्याचाच चौकोन होतो. पण त्याने तो शनीचा म्हणून दिला आहे. आपल्याकडे तो सूर्याचा! मुसलमानी ताईतात हाच चौकोन अरबी आकड्यांत किंवा अक्षरांत येतो. त्याच्या कोपऱ्यांतल्या २, ४, ६, ८ या आकड्यांची अक्षरं जोडून ‘बदूह’ म्हणतात आणि तेवढं नाव लिहिलं तरी काम भागतं असं मानतात. उदगीर-नळदुर्गच्या पट्ट्यात असले ताईत तेव्हा सैनिकांच्या दंडावर असणार. नळदुर्गाचा दगडी कोट बांधणाऱ्या पहिल्या अली आदिलशहाच्या दरबारात १५७० मध्ये ‘नुजूम अल्-उलूम’ नावाचा सचित्र ग्रंथ तयार झाला. राशी, नक्षत्रं, मंत्र, ताईत, हत्ती-घोड्यांची लक्षणं, हत्यारं, सगळं एकाच पोथीत. आता ती डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे.

आपल्याकडच्या गणित्यांनी या चौकोनांना नुसतं देवघरात ठेवलं नाही. वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त सोळा घरांचा चौकोन दिला तो अत्तरं कोणत्या प्रमाणात मिसळायची हे सांगायला. १३५६ मध्ये नारायण पंडितांनी ‘गणितकौमुदी’त चौकोनांवर सबंध प्रकरण लिहिलं. ते कशासाठी, तर यंत्रं जाणणाऱ्यांना आनंद व्हावा आणि कच्च्या गणित्यांचा तोरा उतरावा म्हणून.

नातीला आणखी एक काम द्या. सूर्ययंत्राच्या प्रत्येक घरात एक मिळवला की चंद्राचं यंत्र होतं, बेरीज १८. आणखी एक मिळवला की मंगळाचं, २१. मग बुध, गुरू, शुक्र, शनी, राहू अशा क्रमाने शेवटी केतू. केतूची बेरीज ३९ येते. त्याच्या मधल्या घरात कोणता आकडा पडेल, हे तिने सगळी यंत्रं न मांडता काढून दाखवलं तर मला जरूर कळवा.